मागून दुसरी येतीच

निघायच्या आदल्या दिवशी मालनबाईंनी सुनेला सासऱ्याबद्दल एकच गोष्ट बजावून सांगितली होती, आणि सुनेनं ती हसण्यावारी नेली.

"तुझ्या मामाला संगं ने. पेटी उचलाया ने, पोरगी धराया ने. पर रांगंत उभं करू नको. ह्यो माणूस रांगंत कामाचा न्हाई."

सत्यशीला तेव्हा नव्या सुटकेसमध्ये लेकीची झबली घड्या घालून ठेवत होती. तिनं वर न बघताच विचारलं, का हो आत्याबाई, रांगेचं काय एवढं? मालनबाई म्हणाल्या, रेशनला धाडलं तर दुकान बंद व्हायच्या वेळेला रिकामी पिशवी घेऊन येतात. वसंता लहान असताना त्याच्या मांडीला गळू झालं, पोर तापानं फणफणलेलं, तर त्याला घेऊन सकाळी भोकरदनच्या दवाखान्यात गेले आणि दिवेलागणीला तसंच परत आणलं. डॉक्टर होते, औषध होतं, पण प्रत्येकाला पुढं सोडता सोडता यांचा नंबरच आला नाही.

"ते जुनं झालं, आत्याबाई," सत्यशीला म्हणाली. "आता काय ते दिवस राहिलेत?"

लसणाच्या चटणीची पुरचुंडी मालनबाईंनी सुटकेसच्या कोपऱ्यात कोंबली आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

सत्यशीलाला तसं वाटणं साहजिक होतं. ती औरंगाबादला वसतिगृहात राहून बी. ए. झालेली. स्कॉलरशिपच्या खिडकीवर क्लार्कनं 'उद्या या' म्हटलं की ती तिथंच ठाण मांडून बसायची आणि आजच सही घेऊन उठायची. सासरा रांगेत मागं राहतो म्हणजे म्हातारा जरा भिडस्त आहे, एवढंच तिच्या लेखी. कडूबा छप्पन्न सालापर्यंत केदारखेड्याचे येसकर होते हे तिला माहीत होतं. मामलेदाराची गाडी आली की वेशीपासून तिच्यापुढं पळत जायचं, वर्दी द्यायची, रस्ता मोकळा करायचा, हे त्यांचं काम. छप्पन्नला दीक्षा घेतली आणि त्यांनी येसकराची काठी नदीत टाकून दिली. ही गोष्ट घरात पुष्कळदा सांगितली जाई आणि सत्यशीलाला तिचा अभिमान होता. काठी टाकली म्हणजे सगळंच टाकलं, असं ती धरून चालली होती.

निघायचा दिवस होता एकतीस जानेवारी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. तारीख सांगायलाच हवी, कारण सगळं त्या तारखेवर होतं. सत्यशीलाचा नवरा वसंता मस्कतला एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायच्या कामावर होता. तो गेला तेव्हा सत्यशीलाला पाचवा महिना होता. आता मित्रा चौदा महिन्यांची झाली होती आणि बापानं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं, तोही रडतानाचा. बायको-लेकराला तिकडं येऊ देण्याचा कागद वसंतानं वर्षभर साहेबांच्या मागं लागून मिळवला. त्यावर मुदत होती एकतीस जानेवारीच्या मध्यरात्रीपर्यंतची. इकडं पासपोर्ट चौकशीत अडकून पडला तो सत्तावीसला हातात आला. त्यानंतर जागा असलेलं एकच विमान होतं, एकतीसच्या रात्री नऊचं, मुंबईहून. कंपनीनं तिकीट औरंगाबादपासूनचं पाठवलं होतं. औरंगाबादचं विमान सकाळी अकरा चाळीसला निघून साडेबाराला मुंबईत. मध्ये आठ तास मोकळे. आठ तास म्हणजे केवढा तरी वेळ, असं सत्यशीलानं सगळ्यांना सांगितलं होतं.

पहाटे पाचच्या गाडीनं ती, मित्रा आणि पोचवायला कडूबा निघाले. राजूरच्या पुढं गाडीचं चाक बसलं. दुसरं चाक होतं, पण ते बसवायचं हत्यार मागून येणाऱ्या गाडीत होतं, आणि ती गाडी येईपर्यंत सगळे उतरून थंडीत कुडकुडत उभे राहिले. कडूबा बिलकुल घाबरले नव्हते. त्यांनी तिला दोनदा सांगितलं, मागून दुसरी येतीच. आलीही. पण जालन्याच्या स्टँडवर पोचले तेव्हा औरंगाबादची गाडी नुकतीच फलाटावरून हललेली. तिचा पाठीमागचा धूर अजून तिथंच होता. पुढची पाऊण तासानं. त्यात उभं राहून, मित्राला एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत, सत्यशीला दर पाच मिनिटांनी पुढच्या माणसाच्या मनगटावरचं घड्याळ बघत होती. शेवटी त्या माणसानंच हात वर करून धरला, म्हणाला, घ्या ताई, बघत राहा.

चिकलठाण्याच्या फाट्यावर उतरून दोघं पळत सुटले. पुढं सत्यशीला, मागं डोक्यावर सुटकेस घेतलेले कडूबा. विमानतळाच्या हॉलमध्ये शिरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आणि समोर काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: मुंबई, दीड वाजता.

सत्यशीला चक्क हसली. चाक बसलं, गाडी चुकली, आणि विमानच उशिरा. जणू आपल्यासाठीच थांबलं. तिनं खुर्चीवर बसकण मारली आणि मित्राला पाजायला घेतलं.

दीडचे तीन झाले. कोणीतरी येऊन फळा पुसला आणि नवा आकडा घातला, बस. तीन वाजता आकडाही पुसला आणि तिथं 'सूचनेची वाट पाहावी' एवढं उरलं. काउंटरवर एक चष्मेवाला क्लार्क होता. सत्यशीलाची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. तिच्या ध्यानात आलं होतं की वाईट बातमी सांगायची असली की हा माणूस आधी तांब्यातलं पाणी पितो. म्हणून तो तांब्याकडं वळला की ती खुर्चीवरून अर्धी उठायची. तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला होता: इथून सहाच्या आत निघालं तरी चालेल. सातच्या आत मुंबई, कंपनीच्या एजंटाचा माणूस मूळ कागद घेऊन दारात उभा, नऊचं विमान. सहानंतर मात्र काही खरं नाही.

कडूबांना तिनं बळंच खुर्चीवर बसवलं होतं. तेही एका टोकाला, अंग चोरून, म्हणजे शेजारी कोणाला टेकायचं झालं तर जागा असावी. दुपारी त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली. लेणी बघायला आलेल्या गोऱ्या पाहुण्यांची एक टोळी समोर बसली होती, त्यातली एक म्हातारी भाकरीकडं कौतुकानं बघायला लागली, तर कडूबांनी अर्धी मोडून तिच्यापुढं धरली. तिनं घेतली आणि खाल्लीही, चटणीसकट, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहिली. कडूबांना फार बरं वाटलं. सुनेला हळूच विचारलं, इमानाला कंडक्टर असतो का गं? ती म्हणाली, बाई असते. मंग बराबर हाय, ते म्हणाले, बाई लेकरूवालीला हिडीसफिडीस करायची न्हाई.

चार वाजून गेल्यावर आभाळातून आवाज आला आणि विमान उतरलं. सगळे उठले. क्लार्कनं तांब्या उचलला.

पाणी पिऊन त्यानं सांगितलं की विमान वरूनच जवळजवळ भरून आलं आहे. तिकडचं सकाळचं एक रद्द झालं, ती माणसं यात बसवली. इथल्यांसाठी जागा नऊ. तिकिटं सगळ्यांचीच पक्की, तेव्हा वशिला नाही, ओळख नाही, रांगेनं या, नऊ कार्डं संपली की संपलं. बाकीच्यांना उद्या.

त्याचं वाक्य संपायच्या आत सत्यशीला काउंटरवर होती. तरी पाहुण्यांची टोळी तिच्याआधी, कारण त्यांचा वाटाड्या तिथंच टेकून उभा होता. ते सहा. सत्यशीला सातवी. मागं वळून तिनं पाहिलं, दहा-बारा माणसं झाली होती. सातवी. तिनं पुन्हा मोजलं. सातवीच. क्लार्क म्हणाला, दहा मिनिटं, आतून कार्डं आणतो.

आणि नेमकी तेव्हा मित्रा ओकली. सकाळपासून वारा, धूर, वेळी-अवेळी दूध. सगळं एकदम बाहेर आलं, सत्यशीलाच्या पदरावर, चोळीवर, पुढच्या म्हाताऱ्या बाईच्या पिशवीवर. पोर काळीनिळी होऊन रडायला लागली. मागच्या कोटवाल्यानं नाकाला रुमाल लावला. सत्यशीलानं क्षणभर तसंच उभं राहायचं ठरवलं होतं. पण मित्राला पुन्हा उमासा आला आणि तिचा श्वास अडकल्यासारखा झाला. तिनं कडूबांना हाक मारली, तिकीट, पासपोर्ट, सगळं त्यांच्या हातात दिलं आणि आपल्या जागेवर उभं केलं.

"मामा, इथून हलायचं नाही. कोणी काही म्हणलं तरी."

"न्हाई हलत," कडूबा म्हणाले.

मालनबाईंचं बोलणं तिला नळाजवळ आठवलं. नळाला करंगळीएवढी धार. एका हातानं पोर धरून तिनं तिचं तोंड धुतलं, पदर पिळला, दुसरं झबलं घातलं. आठवलं तेव्हा ती थबकली, पण स्वतःला म्हणाली, दहा मिनिटांत काय होतंय. समोर सहा जण आहेत ते परदेशी आहेत. तिथं कोण येणार आहे ज्याला मामा जागा देतील.

परत आली तेव्हा कार्डं वाटायला सुरुवात झाली होती. तिला दुरूनच काहीतरी वेगळं वाटलं. पाहुण्यांच्या टोप्या मोजल्या, सहा. सहाव्या टोपीनंतर कडूबांचं पांढरं पागोटं दिसायला हवं होतं. तिथं जाकीट होतं. जाकिटामागं जरीचा पदर, त्यामागं बेलबॉटमचा पोरगा, आणि त्यामागं कडूबा. त्यांच्या हातात तिचं तिकीट होतं आणि दुसऱ्या हातात जाकीटवाल्याची चामडी बॅग.

जाकीट अप्पाराव पाटलांचं होतं. केदारखेड्याचेच, नदीकाठची काळी जमीन सगळी त्यांची. सोबत बायको प्रभावती आणि मुलगा तातेराव. ते जीपनं नुकतेच येऊन पोचले होते. विमान उशिरा आहे हे त्यांना कोणीतरी आधीच कळवलं होतं, त्यामुळं घरून जेवून, झोप काढून आले होते. पुढं काय झालं ते मागच्या कोटवाल्यानं सत्यशीलाला सांगितलं, आणि रागानं सांगितलं, कारण तोही तीन माणसं मागं गेला होता. ते साहेब आले, म्हणाले, काय रे कडूबा, तू हितं कुठं? एवढंच. दुसरा शब्द नाही. तुमचा म्हातारा बाजूला झाला, त्यांच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, या मालक, तुमी व्हा म्होरं.

तातेरावला नववं कार्ड मिळालं. क्लार्कनं खण बंद केला.

सत्यशीला आधी क्लार्कशी बोलली. कागदाची नक्कल दाखवली, तारीख दाखवली. त्यानं सगळं वाचलं. तो म्हणाला, बाई, मी काय करू, दहाव्या नंबरवर होतात. मग जरा खाली वाकून म्हणाला, यांच्यापैकी कोणी स्वखुशीनं कार्ड दिलं तर नाव बदलून देतो. माझी ना नाही.

तेव्हा ती अप्पारावांपुढं जाऊन उभी राहिली. ओल्या पदरानं, कडेवर पोर. केदारखेड्यात ती त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलली नव्हती.

"पाटील, त्यातली एक जागा माझी होती."

अप्पारावांनी तिच्याकडं नीट पाहिलं. ते वाईट माणूस होते असं कोणी म्हणणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या विहिरीवर सगळ्या गावानं पाणी भरलं होतं, बौद्धवाड्यानंही, दोर मात्र वेगळा. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, मी मागितली का? तुझ्या सासऱ्याला इचार. त्यानंच उभं केलं."

तिनं विचारलं, मुंबईला कशासाठी निघालात? प्रभावतीबाई म्हणाल्या, तातेरावाला पोरगी बघायची, परवाच्याला कार्यक्रम हाय.

"परवा," सत्यशीला म्हणाली. मग तिनं कागदाचं सांगितलं. आज रात्री बारा. वसंताचं सांगितलं. तातेराव बुटाकडं बघत होता, तो पुटपुटला, दादा, मी उद्याच्यानं येतो ना. अप्पारावांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं. पोरानं पुन्हा बूट बघायला घेतला.

"तिकडं माणसं घ्यायला आल्यात," अप्पाराव म्हणाले. "तिघं येतो म्हून कळवलंय. आन् हे बघ, ज्याची जागा त्याला. त्यो देऊन बसला. तुमचं काय, पुढल्या इमानानं जाताल."

कडूबांच्या हातातली बॅग त्यांनी काढून घेतली आणि ते फाटकाकडं चालू लागले.

सत्यशीला वळली. समोर कडूबा उभे होते, तिकीट दोन्ही हातांत धरून. ते म्हणाले, "मला वाटलं, मागून दुसरी येतीच."

ते खरंच तसं समजत होते. सकाळी चाकाचं तसंच झालं होतं. एसटीचं तसंच असतं. साठ वर्षं त्यांनी पुढची गाडी सोडली होती आणि मागच्या गाडीनं, उभं राहून का होईना, ते घरी पोचले होते. सत्यशीलाला हे पुष्कळ नंतर सुचलं. तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, जाकीट, जरीचा पदर, बेलबॉटम, फाटकातून बाहेर जाताना.

"गाडीपुढं पळायचं बावीस वर्षांमागं सोडलंत ना तुम्ही?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेला. "काठी टाकली नदीत. मग रस्ता सोडायचं कधी सोडणार? मेल्यावर?"

अप्पाराव फाटकात क्षणभर थांबले. मग गेले. कोटवाल्यानं रुमाल खिशात घातला. कडूबांनी तिकीट सुनेच्या हातात दिलं, पागोटं सारखं केलं आणि वाकून सुटकेस उचलली.

विमान पावणेपाचला गेलं. सत्यशीलानं मुंबईला एजंटाकडं ट्रंककॉल लावून पाहिला. तासभर लागला नाही, आणि लागला तेव्हा पलीकडून कोणी उचललं नाही. माणूस कागद घेऊन विमानतळावर उभा असणार. आपली वाट बघत असणार, तिच्या मनात आलं, आणि पलीकडं वसंता.

ती बाहेर आली तर पाटलांची जीप अजून उभीच होती. ड्रायव्हर भिवा पुढं आला आणि म्हणाला, पाटील सांगून गेलेत, तुमाला गावाला सोडतो, जीप रिकामीच चाललीय. सत्यशीलाच्या अंगात त्राण नव्हतं. मित्रा खांद्यावर निपचित पडली होती. ती हो म्हणाली असती.

"न्हाई," कडूबा म्हणाले. "पाटलाला सांग, आमी यष्टीनं जाऊ."

भिवा बघतच राहिला. कडूबांच्या तोंडून पाटलाच्या कुठल्या गोष्टीला नाही, हे त्यानं जन्मात ऐकलं नसावं. सत्यशीलानंही ऐकलं नव्हतं. पण तिला त्या शब्दाचं मोल त्या वेळी कळलं नाही. तिला उलट चीड आली. आता सुचतंय नाही म्हणायला, ती मनात म्हणाली, आता, जेव्हा फक्त लेकराचे हाल आहेत.

फाट्यावरून जालन्याची गाडी मिळाली. जालन्याच्या स्टँडवर दिवे लागले होते. केदारखेड्यावरून जाणारी भोकरदनची मुक्कामी गाडी, शेवटची, फलाटाला लागली तशी माणसं तुटून पडली. सत्यशीलानं खिडकीतून रुमाल टाकला, पोर छातीशी धरून, कोपरं मारत, शिव्या खात आत शिरली आणि जागा धरली. कडूबांनी खिडकीतून सुटकेस आत दिली. मग ते दाराकडं गेले.

खिडकीतून तिला दार दिसत होतं. कडूबा पायरीजवळ उभे होते. एक बाई गाठोडं घेऊन आली, ते सरकले. दोन मास्तर आले, ते सरकले. एक म्हातारा आला, त्यांच्याहून लहानच असेल, त्याला त्यांनी हात देऊन वर चढवला. कंडक्टर ओरडत होता, जल्दी करा, जल्दी करा, आता जागा न्हाई. कडूबांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि तेवढ्यात मागून कोणी पोरं आली, तर तो पायही काढून घेतला.

घंटी दोनदा वाजली. गाडी हलली.

एवढंच म्हणायचं होतं: थांबा, आमचं माणूस राहिलंय. खेड्यातल्या गाडीत असं रोज कोणीतरी ओरडतं आणि कंडक्टर शिव्या देत का होईना गाडी थांबवतो. सत्यशीलानं तोंड उघडलं नाही. तिला माहीत होतं ही शेवटची गाडी आहे. तरी तिच्या मनात जे शब्द आले ते असे: राहू द्या, मागून दुसरी येतीच. कडूबांनी खिडकीकडं पाहून हात वर केला. थांबवायला केला की निरोपाचा, ते तिला आजवर ठरवता आलेलं नाही.

घरी मालनबाई कंदील घेऊन दारात आल्या. गाडीतून उतरलेली सून बघून त्यांनी काय झालं विचारलं नाही. लेकरू घेतलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "रांगंत उभं केलंतं का?"

सत्यशीलानं मान हलवली.

"आन् ते कुठं हायेत?"

"मागून येतायत," ती म्हणाली.

ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अंबडकडच्या एका व्यापाऱ्याकडून सांगावा आला की कडूबा वडीगोद्रीला आहेत, बेबीनंदाकडं, म्हणजे त्यांच्या लेकीकडं. त्या रात्री जालन्याच्या स्टँडवर अंबड-वडीगोद्री गाडी रिकामी उभी होती, म्हणून तिच्यात बसले.

वसंताचं पत्र महिन्यानं आलं. मुदत गेली, आता नवा कागद दोन वर्षं मिळत नाही, आणि कंपनीचं काम तिथून दुसरीकडं चाललंय, तिकडं बायकामाणसांना परवानगीच नाही. शेवटी लिहिलं होतं, दादांना काही बोलू नकोस, ते भोळे आहेत. सत्यशीलानं ते पत्र तीनदा वाचलं आणि उतरंडीच्या सगळ्यात खालच्या गाडग्यात ठेवून दिलं.

उन्हाळ्यात ती एकदा वडीगोद्रीला गेली. क्षमा मागायची, सोबत घेऊन यायचं, असं ठरवून. बेबीनंदाचं घर हमरस्त्याला लागूनच आहे. कडूबा अंगणात बाजेवर पडले होते. सून दिसली तसे ते उठले. नुसते उठले नाहीत, बाज सोडून बाजूला झाले, भिंतीला लागून उभे राहिले आणि म्हणाले, "या, बसा तुमी."

तिला ते आजवर 'बस गं पोरी' म्हणत आले होते. त्या दिवशी 'तुमी'. अप्पाराव पाटलांना जशी जागा दिली तशीच तिला दिली. ती बसू शकली नाही. दोघंही उभेच राहिले, मधे रिकामी बाज. बेबीनंदा चहा घेऊन आली तेव्हा तिला कळेना, हे चाललंय काय. सत्यशीला चहा घेऊन दुपारच्या गाडीनं परत आली. ठरवून नेलेलं एक वाक्यही तिला बोलता आलं नाही.

बेबीनंदा अधूनमधून पोस्टमनकडून पत्र लिहून घेते. मागच्या पत्रात होतं: दादा दर सोमवारी केदारखेड्याला जातो म्हणून पिशवी भरून स्टँडवर जातात. गाड्या येतात. संध्याकाळी पिशवीसकट परत येतात. विचारलं तर म्हणतात, गर्दी होती. मी संगं येते म्हटलं तर न्हाई म्हणतात.

मालनबाईंचे गुडघे आता चालू देत नाहीत. वसंता तिकडं. आणि सत्यशीला गेली तर ते बाजूला होऊन तिलाच जागा देतील, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे वाचणाऱ्यांत कोणी अंबडकडचा, बीडकडचा असेल, सोमवारी वडीगोद्रीवरून ज्याचं जाणं-येणं होत असेल, त्याच्याकडं तिचं एक मागणं आहे. स्टँडवर लिंबाखाली एक म्हातारा दिसेल, पांढरं पागोटं, हातात कापडी पिशवी. जालन्याची गाडी आली की तो उठेल, दारापर्यंत जाईल आणि बाजूला होईल. तुम्हालाही म्हणेल, तुमी व्हा म्होरं. तुम्ही होऊ नका. त्याला आधी चढवा. आणि चढवलं म्हणून लगेच वळू नका. गाडी हलेपर्यंत थांबा आणि खिडकीतून एकदा बघा, तो खाली बसलाय का.